लेयर आणि सिलेक्शन म्हणजे नेमकं काय? मोबाईलवर फोटो एडिट करणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती



आमच्या हिंगोली जिल्ह्यात वाढदिवस असो, सप्ताह असो की दहावीचा निकाल, बॅनर आधी मोबाईलवर तयार होतो आणि लगेच स्टेटसला लागतो. यातले कितीतरी बॅनर पिक्सेललॅबमध्ये बनतात. कुणीतरी टेलिग्रामवर टाकलेली पीएलपी फाईल उघडायची, फोटो बदलायचा, नाव बदलायचं, सेव्ह करायचं. मी मूळचा वसमत तालुक्यातला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गावाकडच्या भावंडांचे याबद्दल जे मेसेज येतात त्यात फिरून फिरून दोनच प्रश्न असतात. एक, "दादा, याचं बॅकग्राउंड नीट निघत नाही." दुसरा, "दादा, ही जेपीजी आहे, यातलं फक्त नाव बदलून दे ना."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सिलेक्शनमध्ये आहे, दुसऱ्याचं लेयरमध्ये. या दोन गोष्टी एकदा डोक्यात बसल्या की अ‍ॅप कुठलंही असो, पिक्सेललॅब, पिक्सआर्ट, फोटोपी, गिम्प की फोटोशॉप, बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात. आणि लेखाच्या शेवटी आधार कार्डावरचा नंबर झाकण्याबद्दल एक भाग आहे. बॅनर बनवत नसाल तरी तो नक्की वाचा.

लेयर म्हणजे काय?

लेयर म्हणजे थर. काचेच्या चार पट्ट्या घ्या. पहिलीवर आकाश रंगवा, दुसरीवर मंदिर, तिसरीवर माणूस, चौथीवर नाव लिहा. चारही एकमेकींवर ठेवून वरून पाहिलं की एकच चित्र दिसतं. पण नाव चुकलं तर फक्त चौथी पट्टी पुसायची, बाकीच्या तीनला हात लावायची गरज नाही.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे आणि आपल्या महाराष्ट्रातही ती जोरात वापरली गेली आहे. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. घराघरांत लक्ष्मी-सरस्वतीची जी रंगीत चित्रं पोहोचली, ती अशा छपाईतून. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करतात. एका दगडावर पिवळ्याचा भाग, दुसऱ्यावर लालचा, तिसऱ्यावर निळ्याचा. तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांवर छापला की पूर्ण चित्र तयार होतं. एखादा दगड जरासा सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जातो. लग्नपत्रिकेच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्येही हेच चालतं, जितके रंग तितक्या जाळ्या.

फोटोशॉपमध्ये हे थर ३.० आवृत्तीत आले, १९९४ मध्ये. रवि वर्मांच्या छापखान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्याआधी फोटोशॉपमध्ये एकदा अक्षर उमटवलं की ते खालच्या फोटोत मिसळून जायचं. म्हणजे तुमच्या जेपीजीची आज जी अडचण आहे, तीच तेव्हा सगळ्यांची होती.

लेयरबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. क्रम महत्त्वाचा. यादीत जो लेयर वर, तो चित्रातही वर. नाव दिसत नसेल तर बहुतेक वेळा ते फोटोखाली दबलेलं असतं. लेयरच्या यादीत बोटाने ओढून वर घ्या.

२. एका वेळी एकच लेयर चालू असतो. तुम्ही ब्रश फिरवता तो निवडलेल्या लेयरवर. "मी खोडतोय पण काहीच खोडलं जात नाही" असं झालं तर आधी कुठला लेयर निवडलाय ते पाहा.

३. डोळ्याचं चिन्ह लेयर लपवतं, काढून टाकत नाही. हा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे.

ओपॅसिटीमागचं साधं गणित

प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. लेयरच्या पिक्सेलमध्ये चौथाही आकडा असतो, त्याला अल्फा म्हणतात. हा पिक्सेल किती झाकतो ते अल्फा सांगतो. अल्फा ० म्हणजे स्वच्छ काच, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना मांडली आणि आजही प्रत्येक एडिटर तीच वापरतो.

समजा वरच्या लेयरच्या पिक्सेलचा आकडा २०० आहे, खालच्याचा १००, आणि वरच्याची ओपॅसिटी ६० टक्के ठेवली. मग स्क्रीनवर दिसणारा आकडा असा निघतो:

२०० × ०.६ + १०० × ०.४ = १२० + ४० = १६०

बस्स, एवढंच. वरच्याचा ६० टक्के वाटा, उरलेला ४० टक्के खालच्याचा. लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींसाठी हाच हिशोब वेगवेगळा होतो, आणि चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलसाठी होतो.

ब्लेंड मोड हे याच हिशोबाचे वेगळे प्रकार आहेत. त्यातला मल्टिप्लाय शिकून ठेवा. त्यात वरचा आणि खालचा आकडा गुणून २५५ ने भागतात. पांढरा म्हणजे २५५, त्यामुळे वर पांढरं असेल तिथे उत्तर खालच्या रंगाइतकंच येतं, म्हणजे पांढरा गायब. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने छान अक्षरात "हरिनाम सप्ताह" लिहा, उजेडात फोटो काढा, बॅनरवर वरचा लेयर म्हणून ठेवा आणि मोड मल्टिप्लाय करा. बॅकग्राउंड न काढताही फक्त अक्षर उरतं. कागद फोटोत राखाडी आला असेल तर आधी ब्राइटनेस वाढवून तो पांढरा करून घ्या, नाहीतर चौकोनी सावली दिसेल.

सिलेक्शन म्हणजे काय?

सिलेक्शन म्हणजे "जे करायचं ते फक्त इथंच कर" असं अ‍ॅपला सांगणं. दिवाळीत रांगोळीचा छाप ठेवून वरून रंग टाकतो, तेव्हा छापाला भोकं आहेत तिथेच रंग जमिनीवर पडतो, बाकी छापावर राहतो. सिलेक्शन हा तो छाप आहे. मोठ्या स्क्रीनवर त्याच्या कडेने तुटक रेषा हलताना दिसते, मुंग्यांची रांग चालल्यासारखी.

आता आतली गोष्ट. सिलेक्शन अ‍ॅपच्या दृष्टीने एक काळं-पांढरं चित्रच असतं, तुमच्या फोटोइतक्याच मापाचं. निवडलेला पिक्सेल पांढरा, न निवडलेला काळा, आणि अर्धवट निवडलेला करडा. ही अर्धवट निवड फार महत्त्वाची आहे. माणसाच्या केसांच्या टोकाशी एका पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडं आकाश असं मिसळलेलं असतं. तिथे "आत की बाहेर" असा निकाल दिला तर कात्रीने कापल्यासारखी कड येते. फेदर नावाचा पर्याय हेच काळं-पांढरं चित्र कडेला थोडं पुसट करतो, म्हणून कड मऊ होते.

सिलेक्शन करायचे मुख्य प्रकार चार:

• चौकोन आणि गोल: खिडकी, पाटी, वाटी अशा साध्या आकारांसाठी.

• लॅसो: बोटाने किंवा ठिपके देत कड आखायची. मंदिर, घर, ट्रॅक्टर अशा सरळ कडांच्या वस्तूंना ठिपक्यांचा लॅसो चांगला.

• मॅजिक वाँड: एका जागी टॅप करायचं, त्या रंगाच्या जवळपासचे सगळे पिक्सेल निवडले जातात.

• ऑब्जेक्ट किंवा कटआउट: एआय स्वतः माणूस ओळखून निवडतो.

मॅजिक वाँड केव्हा चालतो आणि केव्हा फसतो हे समजायला आपल्या जिल्ह्यातलीच दोन उदाहरणं पाहू.

पहिलं हळदीचं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीत हळदीचा मोठा बाजार भरतो, त्यामुळे हळदीचे फोटो आपल्याकडे कुणाच्याही मोबाईलमध्ये सापडतील. हळद पावडरचा ढीग सिमेंटच्या फरशीवर आहे असं समजा. पावडरच्या पिक्सेलचे आकडे साधारण लाल २२५, हिरवा १७०, निळा ३० असे येतील. फरशीचे १५०, १५०, १४५ असे. निळ्या आकड्यातच शंभरच्या वर फरक आहे. वाँडचा टॉलरन्स ३२ असेल, आणि फोटोशॉपमध्ये तो सुरुवातीला तेवढाच असतो, तर टॅप केलेल्या रंगापासून ३२ पर्यंत कमीजास्त असलेले पिक्सेल निवडले जातात. फरशी त्यात येणारच नाही. ढिगाच्या सावलीतला भाग सुटला तर टॉलरन्स थोडा वाढवा किंवा सिलेक्शनमध्ये भर घालायचा पर्याय निवडून सावलीवर पुन्हा टॅप करा.

दुसरं औंढा नागनाथच्या मंदिराचं. खालचा भाग गडद दगडाचा, कोरीव कामाने भरलेला, आणि वरचं शिखर पांढरं. ढगाळ दिवशी फोटो काढला आणि आकाश बदलायला वाँडने ढगावर टॅप केलं, तर सिलेक्शन थेट शिखरात शिरतं. ढगाचा पिक्सेल २२५, २३०, २३५ आणि शिखराचा २३५, २३५, २३० असेल तर फरक फक्त दहाचा. वाँडला शिखर कळत नाही, त्याला आकडे कळतात. इथे टॉलरन्सशी झटापट करण्यात वेळ घालवू नका. ठिपक्यांच्या लॅसोने शिखराची कड आखा, पाच-सात मिनिटांत काम होतं. निळ्या आकाशाचा फोटो असेल तर मात्र वाँड पुरतो.

एआय कटआउट चेहरा आणि खांदे मस्त काढतो. तो अडखळतो ते फेट्याच्या तुऱ्यावर, फेट्याच्या मागे सुटलेल्या शेमल्यावर, पातळ पदरावर, चष्म्याच्या काडीवर आणि कानातल्या झुब्यांवर. म्हणून कटआउट झाल्यावर झूम करून या जागा तपासा. आजोबांचा एकुलता एक फोटो असेल आणि त्यात फेट्याचा तुरा अर्धा कापला गेला असेल, तर घरच्यांच्या ते आधी लक्षात येतं.

खोडू नका, मास्क लावा

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

बॅकग्राउंड काढायचे दोन मार्ग आहेत. पहिला इरेझरने खोडायचा. खोडलेले पिक्सेल गेले. तुरा कापला गेल्याचं उद्या लक्षात आलं आणि अ‍ॅप बंद झालेलं असेल, तर अनडू नाही, परत पहिल्यापासून.

दुसरा मार्ग लेयर मास्क. मास्क म्हणजे लेयरला जोडून ठेवलेलं तेच काळं-पांढरं चित्र. जिथे मास्क पांढरा तिथे लेयर दिसतो, काळा तिथे लपतो, करडा तिथे अर्धवट दिसतो. म्हणजे मास्क हे सेव्ह करून ठेवलेलं सिलेक्शनच आहे. मूळ फोटो जसाच्या तसा आत शाबूत असतो. तुरा कापला गेला? मास्क निवडा, पांढरा ब्रश घ्या, तुऱ्यावरून फिरवा, तुरा परत आला. जास्त आला तर काळा ब्रश. सहा महिन्यांनी फाईल उघडली तरी हे करता येतं.

काळा लपवतो, पांढरा दाखवतो. एवढं पाठ करा.

स्नॅपसीड वापरणाऱ्यांनाही हे मिळतं, फक्त नाव वेगळं आहे. एखादा इफेक्ट दिल्यावर "व्ह्यू एडिट्स" उघडा, त्या इफेक्टवर टॅप करा आणि ब्रशचं चिन्ह निवडा. आता इफेक्ट फोटोच्या कुठल्या भागावर लागू करायचा ते बोटाने रंगवता येतं. तो रंग म्हणजे मास्क.

प्रत्यक्ष करून पाहू: हळद विक्रीचं पोस्टर

घरची हळद पावडर विकायची आहे, स्टेटसला टाकायला पोस्टर हवं आहे असं समजू. मी फोटोपी वापरून दाखवतो. हा एडिटर मोबाईलच्या क्रोममध्ये चालतो, फुकट आहे, त्यात जाहिराती दिसतात. फोटो तुमच्याच फोनवर प्रोसेस होतो, त्यांच्या सर्व्हरवर जात नाही. छोट्या स्क्रीनवर बटणं बारीक दिसतात, म्हणून फोन आडवा धरा.

१. नवीन प्रोजेक्ट घ्या, माप १०८० × १९२० पिक्सेल. स्टेटसला हे माप पुरतं.

२. सगळ्यात खालच्या लेयरला साधा गडद रंग भरा, उदाहरणार्थ गडद हिरवा. पिवळी हळद त्यावर उठून दिसते. लेयरला नाव द्या: "पार्श्वभूमी".

३. फाईल मेनूतून "ओपन अँड प्लेस" निवडून हळदीचा फोटो आणा. तो आपोआप वेगळ्या लेयरवर येतो. कोपरे ओढून आकार लहान-मोठा करा.

४. मॅजिक वाँडने हळदीवर टॅप करा. राहिलेले भाग भर घालत निवडा.

५. सिलेक्ट मेनूत "मॉडिफाय" मध्ये जा. आधी "कॉन्ट्रॅक्ट" १ पिक्सेल, मग "फेदर" १ पिक्सेल. का? कडेच्या पिक्सेलमध्ये फरशीचा रंग मिसळलेला असतो. एक पिक्सेल आत सरकलो की ती राखाडी किनार जाते.

६. लेयर्सच्या पॅनलखालचं मास्कचं बटण दाबा. सिलेक्शनचा मास्क झाला, फरशी लपली. कुठे कड ओबडधोबड वाटली तर मास्कवर काळा-पांढरा ब्रश फिरवून दुरुस्त करा.

७. ढिगाखाली सावली द्या. हळदीच्या खाली नवीन लेयर घ्या, मोठ्या मऊ ब्रशने काळा रंग हलकेच लावा, ओपॅसिटी ४० टक्के करा. सावली नसेल तर ढीग हवेत तरंगल्यासारखा दिसतो. कापून चिकटवलेला फोटो नेमका याच कारणाने ओळखू येतो.

८. अक्षरं टाका. भाव, वजन आणि फोन नंबर प्रत्येकी वेगळ्या लेयरवर ठेवा. भाव पुढच्या आठवड्यात बदलणारच आहे, तेव्हा तेवढाच लेयर उघडायचा.

९. फाईल आधी पीएसडी म्हणून सेव्ह करा, मग जेपीजी म्हणून एक्सपोर्ट करा. स्टेटसला जेपीजी लावा, पीएसडी जपून ठेवा.

एक सूचना. भौगोलिक मानांकनाचा लोगो पीएनजीमध्ये सहज सापडतो म्हणून तो पोस्टरवर चिकटवू नका. मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्तेच ते वापरू शकतात.

पिक्सेललॅबमध्ये हेच करायचं असेल तर फोटो गॅलरीतून आणा, "इरेझ कलर" वापरून एकसारखा रंग काढा, आणि लेयरचा क्रम वरच्या लेयर्सच्या चिन्हातून बदला. मास्कची सोय तिथे फोटोपीइतकी नाही, म्हणून अवघड कटआउट फोटोपीत करून पारदर्शक पीएनजी घ्यायचा आणि तो पिक्सेललॅबमध्ये आणायचा. बॅनर बनवणाऱ्यांना हा जोड सोयीचा पडतो.

मराठी अक्षरांचा लेयर आणि फॉन्टची भानगड

अक्षरांच्या लेयरमध्ये अक्षराचं चित्र नसतं. "हा मजकूर, हा फॉन्ट, हे माप" एवढीच माहिती असते. त्यामुळे तुमची प्रोजेक्ट फाईल मित्राच्या फोनवर उघडली आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नाव वेगळ्याच अक्षरात दिसतं.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर आणखी गंमत होते. त्यात "क" च्या जागी आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट फक्त त्याला "क" चा आकार देतो. फॉन्ट गेला की "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून शक्यतो युनिकोड फॉन्ट वापरा. सुलेखनाचा जुना फॉन्टच हवा असेल तर तो मजकूर पारदर्शक पीएनजी करून लेयर म्हणून ठेवा.

कॉम्प्युटरवरच्या फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं तुटत असतील, "प्र" चा "प्‌र" होत असेल, तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींना चालणारं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. फॉन्टचा दोष नसतो.

मोबाईल हँग का होतो?

एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा, अल्फा असे ४ बाइट लागतात. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. त्याचा एक लेयर मेमरीत ४८ एमबी घेतो. गॅलरीत तोच फोटो ४ एमबीचा दिसतो कारण जेपीजी दाबून ठेवलेली असते, एडिटरला ती पूर्ण उलगडावी लागते. असे दहा लेयर झाले की ४८० एमबी, वर अनडूसाठी ठेवलेल्या जुन्या प्रती वेगळ्या. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये आधीच व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम उघडे असतात. मग अ‍ॅप बंद पडणारच.

१०८० × १९२० च्या कॅनव्हासवर पूर्ण आकाराचा एक लेयर सव्वाआठ एमबीच घेतो. त्यामुळे स्टेटससाठी मोठा कॅनव्हास घेऊ नका, नको असलेले लेयर काढून टाका आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह करा. फ्लेक्ससाठी मोठं माप लागतं, ते काम शक्यतो कॉम्प्युटरवर करा.

सेव्ह कशात करायचं?

• पीएलपी, पीएसडी, एक्ससीएफ: अनुक्रमे पिक्सेललॅब, फोटोशॉप आणि गिम्पची प्रोजेक्ट फाईल. सगळे लेयर वेगळे राहतात. फोटोपीही पीएसडीतच सेव्ह करतो.

• पीएनजी: एकच सपाट चित्र, पण पारदर्शकता टिकते. लोगो, कटआउट, सुलेखन यासाठी.

• जेपीजी: एकच सपाट चित्र, पारदर्शकता नाही, पारदर्शक भाग पांढरा किंवा काळा होतो. स्टेटस आणि छपाईसाठी.

"जेपीजीतलं नाव बदलून दे" याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. त्यात नावाचा लेयरच उरलेला नाही, अक्षरांखाली काय होतं ते फाईलमध्ये नाही. ज्याने बॅनर बनवला त्याच्याकडे प्रोजेक्ट फाईल मागा.

पारदर्शक पीएनजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती जेपीजी होते आणि पारदर्शकता जाते.

लपवलेलं पुसलेलं नसतं

आता आधार कार्डाकडे येऊ. बॅनर बनवताना "लपवा, खोडू नका" हा नियम. कागदपत्रं पाठवताना तो बरोबर उलटा होतो.

लोक आधारचा फोटो पाठवताना नंबरवर मोबाईलच्या गॅलरीतल्या मार्करने काळी रेघ मारतात. कित्येक मार्कर पूर्ण अपारदर्शक नसतात. वरचंच गणित लावा. मार्करची ओपॅसिटी ८० टक्के आहे असं धरू. कागद पांढरा, २५५. अंक काळा, ०. एकदा रेघ मारली की कागद ५१ होतो, अंक ० राहतो. दुसऱ्यांदा मारली, कागद साधारण १०, अंक ०. डोळ्याला दोन्ही काळेच दिसतात. पण दहा आणि शून्यात फरक आहे, आणि कुणीही तो फोटो एडिटरमध्ये उघडून ब्राइटनेस वाढवला की अंक वर येतात. त्यासाठी कुठलं हॅकिंग लागत नाही.

प्रोजेक्ट फाईलचंही तेच. पीएसडीत नंबरवर काळा चौकोन ठेवला आणि ती फाईलच पाठवली, तर समोरच्याने डोळ्याचं चिन्ह दाबलं की नंबर उघडा. मास्कने झाकलेला फोटोही आत पूर्ण असतो. पीडीएफमध्ये अक्षरांवर काळी पट्टी ठेवली तरी खालची अक्षरं अनेकदा कॉपी करता येतात.

कापलेल्या फोटोचंही एकदा असंच झालं होतं. मार्च २०२३ मध्ये उघड झालं की गुगल पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलने क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटमधला कापलेला भाग फाईलच्या शेवटी तसाच राहत होता आणि बराचसा परत मिळवता येत होता. या दोषाला अ‍ॅक्रोपॅलिप्स असं नाव पडलं. तो नंतर दुरुस्त झाला, पण दुरुस्तीआधी पाठवलेले स्क्रीनशॉट तसेच राहिले.

म्हणून कागदपत्र पाठवताना:

१. मार्कर वापरू नका. भरीव चौकोन ठेवा, ओपॅसिटी १०० टक्के.

२. जेपीजी म्हणून एक्सपोर्ट करा. सगळे लेयर एकत्र होतात आणि खालचे आकडे खरोखर जातात.

३. ती जेपीजी परत उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. काही दिसलं नाही तरच पाठवा.

४. आधारसाठी सगळ्यात सोपं म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड करणं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे हेच द्या.

नेहमी येणाऱ्या अडचणी

ब्रश चालतच नाही. बहुतेक वेळा कुठेतरी छोटं सिलेक्शन चालू राहिलेलं असतं, झूममुळे ते स्क्रीनबाहेर गेलेलं असतं. "डिसिलेक्ट" करा. तरी नाही चाललं तर लेयरला कुलूप आहे का पाहा.

काळा ब्रश फिरवला की लेयर लपायच्या ऐवजी काळा डाग पडतो. तुम्ही मास्कऐवजी फोटोवर रंगवताय. लेयरच्या यादीत मास्कच्या छोट्या चित्रावर टॅप करा.

कटआउटला पांढरी किनार येते. कॉन्ट्रॅक्ट १ किंवा २ पिक्सेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो वापरत असाल तर मूळ फोटो मागवा. जेपीजी ८ × ८ पिक्सेलच्या चौकटीत दाबली जाते, त्यामुळे वारंवार फॉरवर्ड झालेल्या फोटोची कडच खराब झालेली असते.

माणूस नवीन बॅकग्राउंडवर चिकटवल्यासारखा दिसतो. उजेडाची दिशा बघा. माणसाच्या डाव्या गालावर ऊन आहे आणि बॅकग्राउंडमध्ये सूर्य उजवीकडे, तर कितीही मऊ फेदर दिलं तरी डोळ्याला खटकणारच. माणसाचा लेयर आडवा फिरवून घेता येतो, पण कपड्यावर अक्षरं असतील तर ती उलटी होतील.

सरावासाठी आज एकच करा. घरातल्या कुणाचा तरी फोटो घ्या, इरेझरला हात न लावता फक्त मास्कने बॅकग्राउंड लपवा, प्रोजेक्ट सेव्ह करून अ‍ॅप बंद करा. उद्या तीच फाईल उघडून केसांची कड सुधारा. कुठे अडलात तर कोणतं अ‍ॅप, कोणता फोन आणि स्क्रीनवर काय दिसतंय एवढं लिहून कळवा.